दारातली मालूबाय

पावसाळा लागला की बोळिंजच्या आमच्या 'वसुंधरा' सोसायटीत दोन गोष्टी हमखास होतात. पाण्याची मोटर जळते आणि माझा मेहुणा येऊन आमच्या दाराकडे बघत हळहळतो. "भावोजी, सिलिकॉन मारून घ्या की! अर्ध्या तासाचं काम आहे," असं तो दरवर्षी म्हणतो, आणि म्हणेपर्यंत त्याचे मोजे भिजलेले असतात. लतिका, म्हणजे माझी बायको आणि त्याची सख्खी बहीण, त्याच्या पायाखाली गोणपाट सरकवते. आमच्या दाराखालून पाणी आत येतं आणि आम्ही ते येऊ देतो. याचं कारण मालूबाय. पण ज्या माणसाला बर्फातला, पिशवीतला, काटे काढलेला मासा आवडतो त्याला मालूबाय काय चीज होती हे सांगून समजणार नाही. म्हणून मी त्याला कधी सांगितलं नाही.

मालूबाय अर्नाळ्याची कोळीण. काळीसावळी, काटक, आणि तोंडाने फाटकी. सकाळी अर्नाळ्याहून विरार स्टेशनकडे जाणारी एसटी पकडायची, कंडक्टरशी पाटी कुठे ठेवायची यावरून भांडायचं, बोळिंजच्या नाक्यावर उतरायचं आणि आमच्या जिन्यात येऊन ओरडायचं. "बोंबीऽऽल! कोलबीऽऽ!" आवाज असा की ती दुसऱ्या मजल्यावर ओरडली की चौथ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. बेल ती कधी वाजवत नसे. एकदा तिने वाजवली होती, तर कोपऱ्यातल्या घरच्या विनिताताईंनी बेलच्या बटणाला खवलं चिकटलं म्हणून तिला सगळ्यांदेखत बोल लावले होते. तेव्हापासून बेल बंद. "घंटी वाजवाला मी काय गॅसवाला हाय? ज्याला खावाचं त्यो येल दारान," असा तिचा बाणा.

मग बायका पातेली घेऊन दारात यायच्या. बायका दाराच्या आत उकिडव्या, मालूबाय दाराच्या बाहेर फतकल मारून. मासळीवालीला घरात बोलवायची पद्धत आमच्याकडे नाही, आणि आत यावं असं तिलाही कधी वाटलं नसावं. त्यामुळे आमच्या घरातलं तिला दारच तेवढं माहीत होतं. पण ते पुरतं माहीत होतं. बोंबील साफ करता करता तिची नजर चौकटीवरून फिरायची आणि ती लतिकाला म्हणायची, "काय गो बाय, तुजा नवरा काय करतो? हपिसान जातो? मंग बरोबर. जल्लं ह्या दारान पानी नाय येनार त काय येनार!"

माझ्या नोकरीचा आणि दाराचा काय संबंध, हे मला आजवर कळलेलं नाही. पण पाणी येत होतं हे खरं होतं. आमच्या बिल्डरने जाहिरातीत 'समुद्राची हवा' असं छापलं होतं आणि तेवढं एकच त्याने खरं छापलं होतं. प्रत्येक मजल्याला पश्चिमेच्या अंगाने लांबलचक उघडा पॅसेज, आणि त्या पॅसेजवर ओळीने सगळ्यांची मुख्य दारं. अर्नाळ्याच्या समुद्रावरून सुटलेला वारा वाटेत कुणाची विचारपूस न करता सरळ आमच्या दारावर आदळतो, आणि येताना पाऊस बरोबर घेऊन येतो. दारांच्या चौकटी तीनच बाजूंच्या. चौथी बाजू म्हणजे उंबरठा, तो बिल्डरने वाचवला. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती, ती त्याने प्लास्टर फासून लपवली होती. राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी प्लास्टर पडलं आणि सत्य बाहेर आलं.

आम्ही सगळ्यांनी आपापल्या अकलेप्रमाणे उपाय केले. कुणी रबरी पट्ट्या चिकटवल्या, त्या ऑगस्टपर्यंत जिभांसारख्या लोंबायला लागल्या. कुणी पांढरं सिमेंट भरलं. कुणी दाराला खालून पत्रा ठोकला, तर दार उघडताना अशी किंकाळी निघायची की अख्खा मजला जागा व्हायचा. मी दाराच्या फटीत लतिकाचं जुनं पातळ कोंबलं, ते पाणी पिऊन फुगलं आणि दारच उघडेना. त्या दिवशी ऑफिसला दांडी पडली. मालूबाय बाहेर बसून हसत होती.

तिला हसायचा अधिकार होता, कारण तिचा नवरा होड्या दुरुस्त करणारा. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट असते. त्या फटीत कापसाच्या वाती बोथट छिन्नीने ठोकून बसवायच्या आणि वरून तेलात उकळलेली राळ भरायची, हे त्याचं काम. वाती वळणं आणि राळ उकळणं हे मालूबायचं. पण नवऱ्याला ताडीची गोडी असल्यामुळे पुढेपुढे ठोकणंही तिच्याकडेच आलं आणि नवरा संध्याकाळी येऊन पाहणी करायचा. पुढे तो गेला. मग फायबरच्या होड्या आल्या. फायबरच्या होडीला कापूसही लागत नाही आणि मालूबायही लागत नाही. तेव्हा तिने डोक्यावर पाटी घेतली.

आता आमचे चेअरमन. आत्माराम दळवी, सरकारी खात्यातून निवृत्त, मूळचे मालवणकडचे, विनिताताईंचे यजमान. पापलेटचं डोकं कसं खावं यावर हा माणूस जेवणाच्या आधी तासभर बोलू शकत असे. पण सोसायटीला 'स्टँडर्ड' असावं हे त्यांचं वेड. जिन्यात मासळीचा वास आला की फ्लॅटचा भाव उतरतो, असं त्यांना बोरिवलीच्या कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ते स्वतः रविवारी विरारच्या बाजारातून सुरमई आणायचे ती दोन पिशव्यांत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून, स्कूटरच्या डिकीतून. जणू काही चोरीचं सोनं आणत होते. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी पेंटरकडून एक बोर्ड रंगवून घेतला. 'फेरीवाले, सेल्समन व मासळीवाले यांना आत येण्यास सक्त मनाई आहे.' त्यातलं 'मासळीवाले' लाल रंगात होतं. वार्षिक सभेत ठराव झाला की बोर्ड गेटवर लागणार होता.

बोर्ड लागला तर मालूबायचं काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. विरारच्या बाजारात मासळीच्या जागा सासूकडून सुनेकडे जातात, तिथे नवख्या बाईला कुणी पाटी टेकू देत नाही. तिचं पोट आमच्या जिन्यावर आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या जिन्यांवर चालायचं, आणि त्या दोन्ही सोसायट्या आमच्या बोर्डाकडे डोळे लावून बसल्या होत्या. इथे बंद म्हणजे तिथेही बंद.

सभा गच्चीवर होती. मालूबाय न बोलावता आली आणि चेअरमनांच्या टेबलासमोर पाटी टेकली.

"चेरमन, तुमच्या दारान पानी किती येतंय?"

"तो विषय आजच्या अजेंड्यावर नाही."

"माज्या अजेंड्यावर हाय," मालूबाय म्हणाली. लोक हसले. दळवींच्या घरात किती पाणी येतं हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा फ्लॅट पॅसेजच्या टोकाचा, त्यामुळे वारा आणि पाऊस दोन्हीकडून. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या हॉलमधल्या गालिच्यावर अळंबी उगवली होती आणि ती बघायला मुलं रांग लावून येत होती.

"तुमचं दार मी बुजवतंय," मालूबाय म्हणाली. "आख्खा पावसाला बगा. पानी आत आलं त बोर्ड लावा, मी परत तोंड दाखवनार नाय. नाय आलं त बोर्ड भंगारान घाला. बोला."

दळवी नियमांची वही चाळायला लागले. त्यात असल्या पैजेची तरतूद नव्हती. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून विनिताताईंचा आवाज आला, "अहो, करू द्या तिला. गालिचा काय तुम्ही धुता?" ठराव तिथेच संपला.

मे महिन्यात, लाकूड खणखणीत वाळल्यावर, ती आली. पाटीत मासे नव्हते. छिन्नी, ठोकायची लाकडी मोगरी, कापसाच्या वाती, एक डबा आणि मोडलेल्या होडीची एक फळी. आधी तिने चौकटीभोवतीचा सगळा कचरा खरवडून काढला. त्यात सिमेंट होतं, रबर होतं, आणि दळवींनी कोंबलेला वर्तमानपत्राचा लगदा होता. "पानी वरच्या कोपऱ्यातून शिरतंय आनि चौकटीच्या पाठीमागून खाली उतरतंय," ती म्हणाली. "आनि तुमी खाली फडकी कोंबताव." मग वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून तिने वाती ठोकल्या. टक टक टक, अख्खी दुपार. होडीची फळी बाहेरच्या बाजूला उतार देऊन खाली बसवली. बिल्डरने वाचवलेला उंबरठा असा अर्नाळ्याहून आला. डब्यातली राळ पॅसेजमध्ये स्टोव्हवर उकळली आणि सगळ्या सांध्यांवर ओतली.

शेवटी पाहणी. त्यासाठी कुणीतरी आतून बघायला हवं आणि दार लावून घ्यायला हवं. बघणार मालूबायच. अशी ती आमच्या बिल्डिंगीतल्या एका घरात पहिल्यांदा गेली. बाहेर दळवी बादली घेऊन उभे, आत विनिताताई आणि ती. विनिताताईंनी तिला बस म्हटलं नाही आणि ती सवयीने दाराशीच बसली, फक्त या वेळी आतल्या बाजूने. हॉलभर नजर फिरवली. सोफा, टीव्ही, शोकेसमधला काचेचा हंस.

"एवढंच हाय?" ती म्हणाली. "एवढं दार लावून बसताव, मला वाटलं आत काय तरी मोठं असंल."

बाहेरून बादल्या ओतून दळवींचे खांदे भरून आले. आत थेंब आला नाही.

संध्याकाळी वास आला. मालूबायने राळ ज्या तेलात उकळली होती ते मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजाचं तेल होतं. अर्नाळ्याला होडीला तेच लावतात आणि तिथे कुणी त्याला वास म्हणत नाही. आम्ही म्हणत होतो. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी बोळिंजमधली यच्चयावत मांजरं दळवींच्या दाराशी जमली आणि सनमायका चाटायला लागली. त्याच आठवड्यात संकष्टी होती. विनिताताईंचे दादरचे भाऊ मोदक खायला आले, दारात थबकले आणि म्हणाले, "विने, आजच्या दिवशी सुद्धा?" दळवींच्या घरात उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे संपले. आता वास यायचा तो मुशीने पूजा केल्यासारखा.

मालूबायला बोलावणं गेलं. ती आली, दाराला नाक लावून मनापासून हुंगलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "कसला वास?"

तिने पुन्हा हुंगलं. मग आमची तोंडं बघितली आणि तिला कळलं. जिन्यात वास येतो म्हणूनच तर बोर्ड लागणार होता, आणि तिने तो वास स्वतःच्या हाताने चेअरमनच्या चौकटीत ठोकून बसवला होता. तिचा चेहरा उतरला. मालूबायला गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"उद्या सगळं उखडून काढतो आणि बोर्ड लावतो," दळवी म्हणाले.

"पावसाला बगा म्हनली होती मी," ती हळूच म्हणाली. "वासाचं काय बोलनं नव्हतं."

"बोलणं झालंय तसं होऊ दे," विनिताताई म्हणाल्या. त्यांना काचेच्या हंसापेक्षाही गालिचा प्यारा होता. दळवींनी उखडायचं काम पावसापर्यंत पुढे ढकललं, आणि मग पाऊस आला.

काय आला! जुलैत आम्ही सगळे पॅसेजवर ओळीने फडकी पिळत बसलो होतो, आणि टोकाच्या घरात दळवी बनियनवर, कोरड्या गालिच्यावर, पेपर वाचत होते. आठवडाभराने त्यांना राहवेना. ते लोकांना बोलवायला लागले. "या हो, बसा. कोरडं आहे." लोक जायचे, नाकाला रुमाल लावून बसायचे आणि पायाने गालिचा चाचपून बघायचे. गणपती गेले, नवरात्र आलं, दळवींच्या घरात थेंब शिरला नाही. बोर्डाचं कुणी नाव काढलं नाही. पुढे तो मला स्कूटरच्या स्टँडखाली दिसला. चिखलात स्टँड रुतू नये म्हणून दळवींनी घातला होता, अक्षरं खाली करून.

पुढच्या मे महिन्यात सगळ्यांनाच दारं बुजवून हवी होती. अट एकच, मुशीचं तेल नको. "जवसाच्या तेलान ताकद नाय," अशी कुरकुर करत मालूबायने जवसाच्या तेलात राळ उकळली आणि एकेक मजला घेत गेली. आम्ही तेव्हा लतिकाच्या माहेरी होतो, त्यामुळे आमचं दार तेवढं राहिलं. "पावसान उघडीप मिळाली का करतंय," ती म्हणाली.

जूनमध्ये मासेमारी बंद होते आणि कोळणी सुकी मासळी घेऊन फिरतात. लतिका अजून माहेरीच असताना एका सकाळी मी ऑफिसला निघालो तर मालूबाय दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. पाटी भरलेली, हात मोकळे.

"काय मालूबाय, आज कुणी घेतलं नाही?"

"कोन दारच उघडत नाय. काल पन नाय, परवा पन नाय."

ती उठली, दळवींच्या दारापाशी गेली आणि ओरडली, "जवलाऽऽ! सुकं बोंबीऽऽल!" माझ्या कानात दडे बसले. आत काहीच हललं नाही. तिने पुढच्या दारावर तोच प्रकार केला. तिथेही शुकशुकाट. आत माणसं होती, पण पावसामुळे दारं लावलेली होती आणि दारांना आता कुठे म्हणून फट नव्हती.

"अगं, बेल वाजव ना," मी म्हटलं.

"नाय वाजवनार." तिने दळवींच्या चौकटीच्या सांध्यावर तळहात ठेवला, कुठे वारा लागतो का बघत सगळीकडून फिरवला. "चांगलं काम झालंय," ती म्हणाली. मग हात खाली घेत म्हणाली, "चेरमनला बोर्डाची काय गरज? मीच माजा आवाज बुजवला."

मला फार वाईट वाटलं. पण मी ऑफिसला जाणारा माणूस, ऑफिसला गेलो.

दोन दिवसांनी ऊन पडलं आणि ठरल्याप्रमाणे ती आमच्या दाराशी छिन्नी, मोगरी घेऊन बसली. रविवार असल्यामुळे मी घरी होतो. तिने वात हातात घेतली, चौकटीला लावली, आणि तशीच थांबली. मग खाली वाकली, दाराखालच्या फटीशी तोंड नेलं आणि हाक मारली, "लतिकाबाऽऽय!"

आदल्याच दिवशी माहेराहून आलेली लतिका मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. ती हातातला टॉवेल तसाच घेऊन धावत आली. "काय हो मावशी, काय झालं?"

मालूबायने वात पुन्हा पाटीत टाकली. "तुमचं दार नाय बुजवनार मी."

"अहो, पण पाणी येतं ना!"

"येऊ दे. पानी पुसता येतंय."

लतिका तिच्याकडे बघत राहिली. मी काही बोलणार होतो, तर तिने मला डोळ्यांनीच दटावलं. मग ती टॉवेल खांद्यावर टाकून पॅसेजमध्ये गेली आणि दळवींच्या घरापासून एकेक बेल वाजवत सुटली. "मालूमावशी आल्यात! सुकं आणलंय!" पहिले बाहेर आले ते दळवी, ताट घेऊन. "अरे, आली होय? मला वाटलं, हल्ली येत नाही," ते म्हणाले. "गेले चार दिवस मी जवळ्याची वाट बघतोय."

ती पद्धतच पडली. मालूबाय यायची, आमच्या दाराच्या फटीतून ओरडायची, लतिका बाहेर येऊन बेला वाजवायची. मालूबाय स्वतः बटणाला बोट लावायची नाही ती नाहीच. दर मे महिन्यात ती सगळ्यांच्या चौकटी बघायची, सुकलेली वात उपसून नवी ठोकायची, राळेला जिथे तडे गेले तिथे पुन्हा ओतायची. "होडी काय नि दार काय, वरसाला बगावं लागतंय," म्हणायची. आमच्या दारापुढे आली की नुसती थोपटून पुढे जायची. आमच्याकडे दर पावसाळ्यात पाणी, दर पावसाळ्यात गोणपाट, आणि मेहुण्याचं सिलिकॉन.

दोन हजार पाचच्या थंडीत ती यायची थांबली. लतिका काही दिवस सकाळी पातेलं घेऊन दारात उभी राहायची. मग एकदा एसटीच्या त्याच भांडकुदळ कंडक्टरने मला नाक्यावर हटकलं आणि सांगितलं की मालूबाय तापाने गेली. आम्हाला कळलं तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं. लतिकाने ते पातेलं फळीवर ठेवून दिलं. दळवींना सांगितलं, तर ते "अरेरे" म्हणाले आणि आत गेले.

त्या मे महिन्यात चौकटी कुणी बघितल्या नाहीत, पुढच्याही नाही. वाती सुकल्या, राळ तडकली, आणि गेल्या पावसाळ्यात एकेक करत सगळ्यांच्याच दारांतून पुन्हा पाणी यायला लागलं. माझ्या मेहुण्याची आता चंगळ आहे, त्याला अख्खा मजला आहे हळहळायला.

यंदाच्या जून महिन्यातली गोष्ट. सकाळपासून वारा सुटलेला, पाऊस आडवा. मी पॅसेजमध्ये बसून फडकं पिळत होतो. वारा दारांच्या फटींतून शिरून लांबच्या लांब ओरडत होता. इतक्यात टोकाचं दार उघडलं आणि दळवी बाहेर आले. आता थकलेत. बनियन, पायजमा आणि हातात ताट.

त्यांनी पॅसेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. जिन्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"वारा आहे, दळवीसाहेब," मी म्हटलं.

"हो. वाराच असणार," ते म्हणाले.

पण आत गेले नाहीत. ताट हातात धरून तिथेच भिजत उभे राहिले. मागे त्यांच्या हॉलमध्ये पाणी शिरत होतं आणि विनिताताई दार लावा म्हणून हाका मारत होत्या.